काशीस जावे, पहाटे उठावे

‘काशीस जावे नित्य वदावे’ ही म्हण ज्याने केली तो मोठा धोरणी माणूस असला पाहिजे. त्याने नुसतं वदायला सांगितलं. प्रत्यक्ष जायचं की नाही हे ज्याच्या-त्याच्या ऐपतीवर सोडलं, आणि पहाटे साडेतीनला उठण्याबद्दल तर अवाक्षर काढलं नाही. पुढे यात्रा कंपन्या निघाल्या आणि वदण्यातली सोय गेली. आमच्या कार्यक्रमपत्रिकेत ठळक छापलं होतं : ‘गंगेवरील सूर्योदय (समाविष्ट). रिक्षाभाडे, पूजेची दक्षिणा व गरम पाणी समाविष्ट नाही.’ म्हणजे जे देवाच्या हातात होतं ते कंपनी देणार होती आणि जे कंपनीच्या हातात होतं ते आमचं आम्ही बघायचं होतं.

मी गेले ती आत्याची सोबत म्हणून. आत्या वाईची. कृष्णेच्या घाटावर तिचं बालपण गेलं, त्यामुळे जगातल्या बाकीच्या नद्या तिने कृष्णेच्या जावा म्हणून मान्य केलेल्या आहेत. मान द्यायचा, पण डोक्यावर बसवायचं नाही. काशीला जायचं ती कित्येक वर्षं म्हणत होती. गुडघे बोलायला लागल्यावर तिने जाहीर केलं, “आता नाही गेले तर मग उचलूनच न्यावं लागेल.” तेव्हा कुठे पौषातली यात्रा ठरली. पौषात लग्नं नसतात, मुंजी नसतात, नातेवाईक मोकळे असतात आणि यात्रा स्वस्त असते. स्वस्त का असते हे कंपनी सांगत नाही. प्रयागराजच्या पुढे आमची गाडी धुक्यात चालत नव्हती, चाचपडत होती. संध्याकाळी काशीला पोचायची ती मध्यरात्री पोचली, आणि डोळा लागतो न लागतो तोच दारावर थाप पडली. “आजी, उठा! गरम पाणी संपतंय!” पाणी तापायलाही लागलेलं नव्हतं, हे नंतर कळलं. पण आमच्या मॅनेजर पोऱ्याला मराठी माणूस कशाने उठतो ते पक्कं ठाऊक होतं.

मी घराण्याने नाही, पण सवयीने सूर्यवंशी आहे. त्यातून काशीचा सूर्य आपल्यापेक्षा आगाऊ. भारताचं घड्याळ ८२.५ अंश रेखावृत्तावर लावलेलं आहे, ते जातं मिर्झापूरजवळून, आणि मिर्झापूर काशीच्या शेजारचं. त्यामुळे तिकडे घड्याळात बारा वाजतात तेव्हा आकाशातही साधारण बाराच वाजलेले असतात. पुणं तिथून नऊ अंश पश्चिमेला. अंशामागे ४ मिनिटं धरली तर आपला सूर्य काशीच्या मागे ३६ मिनिटं. थंडीत काशी उत्तरेला असल्यामुळे हा फरक घटून वीस-पंचवीस मिनिटांवर येतो. हा सगळा हिशेब मला आमच्या यात्रेतल्या सरांनी हॉटेलच्या व्हरांड्यात, तोंडात ब्रश धरून दिला. सर पुण्यातले निवृत्त मुख्याध्यापक. शाळा सुटली तरी त्यांचा तास संपलेला नाही. “म्हणजे बघा,” ते फेस सांभाळत म्हणाले, “आपण आयुष्यभर मिर्झापूरच्या घड्याळावर जगतो. पुण्यात सकाळी लवकर जाग येत नाही, त्यात पुणेकरांचा काही दोष नाही.” एवढ्या पहाटे एवढं सांत्वन मला दुसऱ्या कुणी केलं नसतं.

आत्याने दोन स्वेटर, वर शाल आणि डोक्याला घरातल्या कुणाची तरी शाळकरी माकडटोपी असा सरंजाम केला होता. पायात मोजे आणि त्यावर अंगठ्याची चप्पल. मोज्याचं टोक चिमटून चप्पलेच्या अंगठ्यात बसवायला तिला देवपूजेइतका वेळ लागला. बाहेर गल्लीत हाताचा पंजा दिसत नव्हता. दिवे होते, पण ते स्वतःलाच कसेबसे उजेड देत होते. पुढचा माणूस खोकला की रस्ता इकडे आहे असं समजायचं. अस्सीकडे वळताना भिंतीशी एक शेळी उभी होती. तिच्या अंगात पूर्ण बाह्यांचा मरून स्वेटर, पुढचे दोन्ही पाय बाह्यांतून बाहेर काढलेले, पोटाखाली ओळीने बटणं लावलेली, आणि एक बटण तुटलं होतं तिथे सेफ्टी पिन. काशीत थंडीच्या दिवसांत शेळ्यांना घरातले जुने स्वेटर नाहीतर सदरे घालतात. आत्या थांबली. शेळीकडे बघितलं, मग माझ्या उघड्या जॅकेटकडे बघितलं. “तिनेसुद्धा बटणं लावलीत,” ती म्हणाली, आणि पुढे चालू लागली.

अस्सी घाटावर २०१४ पासून ‘सुबह-ए-बनारस’ चालतं. उजाडायच्या आधी गंगेची आरती, मग यज्ञ, मग कुणी गवई सकाळचा राग गातो आणि शेवटी लोक योगासनं करतात. आम्ही पोचलो तेव्हा आरती रंगात आली होती. घंटा ऐकू येत होत्या, शंख ऐकू येत होता, आणि पुरुषभर उंचीवर ज्वाळा आपापल्या गोल फिरत होत्या. आरती धरणारे कुठेच दिसत नव्हते. मग कुणा बाईंनी भैरव लावला. सुरेख लावला. बाई कुठे बसल्या आहेत, तबला कुठे आहे, ऐकायला किती माणसं आहेत, काही पत्ता नाही. आत्या डोळे मिटून पाच मिनिटं ऐकत राहिली. तसे ते मिटले काय आणि उघडे ठेवले काय, सारखंच होतं. मग म्हणाली, “छान गातेय पोर. पण एवढं घरी रेडिओवर ऐकलं असतं.”

होडी पायऱ्यांखाली बांधलेली होती. काशीतल्या होड्या आता बऱ्याच सीएनजीवर चालतात, त्यामुळे पूर्वीसारखं डिझेलचं ठकठक आणि धूर नाही. नावाड्याने येईल त्या बाईला ‘माताजी’ आणि येईल त्या पुरुषाला ‘गुरु’ करून टाकलं आणि सगळ्यांना दोन बाजूंना वजनाप्रमाणे बसवलं. तेव्हा मला आमची मंडळी पहिल्यांदा एकत्र बघायला मिळाली. सर होते. नागपूरचे काका-काकू होते. इंदूरच्या वहिनी होत्या, माहेर-सासर दोन्ही इंदूर. रत्नागिरीचं एक जोडपं होतं. ते आपसांत सोडून कुणाशी बोलत नव्हतं, आणि आपसांतही फक्त खर्चाबद्दल. बाकीची मंडळी मफलरींत होती, त्यांच्याबद्दल काही सांगता येणार नाही.

काशीची सगळी गंमत गंगेच्या एका वळणात आहे. हिमालयातून निघून पूर्वेकडे समुद्राला चाललेली ही नदी नेमकी इथे उत्तरेकडे तोंड फिरवते. घाट सगळे पश्चिम तीरावर, अस्सीपासून आदिकेशवापर्यंत ८४ म्हणतात, आणि सगळ्यांची तोंडं पूर्वेला. समोरच्या तीरावर वस्ती नाही, नुसती रेती. म्हणून सूर्य उगवतो तो थेट समोर, कुणाच्या गच्चीआडून नाही की टाकीमागून नाही. ही जागा ज्याने हेरली त्याला मानलं पाहिजे. आम्हीही मानलं. सगळ्यांनी मोबाइल काढले आणि पूर्वेकडे रोखले. पूर्व पांढरी होती. पश्चिमही पांढरी होती. खाली पाणी असावं, कारण होडी हलत होती.

“सूर्य भगवान बस दस मिनट में,” नावाडी म्हणाला.

आत्या हसली. तुलसी घाट येत होता, म्हणजे येतोय असं नावाडी सांगत होता. त्याच्या मागे लोलार्क कुंड आहे, म्हणजे सूर्याचंच ठाणं. आत्याने वाईला काशीखंडाचं प्रवचन ऐकलेलं. दिवोदास नावाचा राजा काशीवर राज्य करायचा. त्याची अट अशी की देवांनी इथून मुक्काम हलवायचा, मगच मी कारभार बघणार. शंकरालाही मंदार पर्वतावर जाऊन राहावं लागलं. त्याला काशीवाचून करमेना. मग राजाच्या कारभारात काही खोट सापडते का बघायला त्याने ६४ योगिनी पाठवल्या. त्या आल्या, गाव आवडलं, राहिल्या. मग सूर्याला पाठवलं. सूर्याने रूपं बदलून बदलून गावभर चौकशी केली, खोट काही सापडली नाही, आणि परत जायचं तर शंकराला तोंड काय दाखवायचं? तोही राहिला, एका जागी नाही, बारा जागी. मग ब्रह्मदेवाला पाठवलं. त्याने दहा अश्वमेध केले आणि राहिला.

“म्हणजे दौऱ्यावर पाठवलेला एकही अधिकारी परत मुख्यालयी हजर झाला नाही,” सर म्हणाले. त्यांच्या आवाजात सरकारी अनुभव होता.

“बारा आदित्य आहेत काशीत,” आत्या म्हणाली. “आपल्याला एकही दिसत नाही.”

यानंतर जे झालं त्याला खरं तर घाट दिसायला हवे होते. पण वाद घालायला मराठी माणसाला समोर काही दिसावंच लागतं असं नाही. नावाडी पांढऱ्या पडद्याकडे हात करून नावं घेत चालला होता. चौसट्टी घाट म्हटल्यावर सगळ्यांनी पांढऱ्याकडे बघून हात जोडले. दरभंगा घाट म्हटल्यावर पुन्हा पांढऱ्याकडे बघितलं, पण हात जोडले नाहीत, कारण तो आपल्यापैकी कुणी बांधला नव्हता. मग “अहिल्याबाई घाट” आणि लगोलग “दशाश्वमेध” आलं, आणि सर उठून उभे राहिले. होडीत उभं राहू नका म्हणून मॅनेजर ओरडला, पण इतिहासाला अशा सूचना लागू नसतात.

“दशाश्वमेध घाट,” सर म्हणाले, “१७४८. बाळाजी बाजीराव. म्हणजे आपले नानासाहेब पेशवे.”

“आणि १७७४ ला आमच्या देवी अहिल्याबाईंनी परत बनवला,” इंदूरच्या वहिनी बसल्या जागेवरून म्हणाल्या. “ते काय आहे नं सर, परत बनवावा लागला. विचार करा जरा.”

सर विचार करेपर्यंत वहिनींनी पुढचा हुकूम टाकला. घाटाचं राहू द्या, काशीविश्वनाथाचं आजचं देऊळच १७८० साली अहिल्याबाईंनी उभं केलं. शिखराला सोनं नंतर महाराजा रणजितसिंहांनी दिलं. म्हणजे उद्या आपण सगळे तासन्‌तास रांगेत उभे राहणार ते कुणाच्या दारात, हे लक्षात घ्या. यावर सरांनी गागाभट्ट काढले, कारण गागाभट्ट काशीचे पण घराणं मूळ पैठणचं. मग एकनाथ काढले, कारण भागवताची टीका त्यांनी १५७३ साली काशीतच पुरी केली. मग झाशीची राणी काढली, जन्म काशीचा. पण हा सगळा दारूगोळा लांबचा होता, आणि वहिनी देवळाच्या दारातून हलायला तयार नव्हत्या.

“आमच्या भोसल्यांचा घाट कधी येते?” नागपूरच्या काकांनी नावाड्याला शुद्ध नागपुरीत विचारलं.

“आएगा गुरु, अभी आगे है.”

“आला की सांगा बरं. दिसून तर काहीच नाही राहिलं, निदान त्या बाजूला तोंड करून बसतो.”

हे चाललेलं असताना केव्हातरी सरांनी मनगट डोळ्यांशी नेलं आणि दुसरा हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. होडीत शाळा भरल्यागत शांतता झाली. “६ वाजून ४६ मिनिटं,” सर म्हणाले. “झाला.”

“काय झाला?”

“सूर्योदय.”

“कुठे?”

“त्याच्या मागे,” सरांनी बोट केलं. त्याच्या म्हणजे धुक्याच्या. दोन-तीन जणांनी नमस्कार केला. रत्नागिरीच्या काकांनी टाळ्या वाजवल्या. समाविष्ट गोष्ट वसूल झाल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. नागपूरच्या काकांनी फोटो काढला आणि ‘गंगेवरील सूर्योदय’ असं लिहून घरच्या ग्रुपवर टाकला. मिनिटभरात सूनबाईंचं उत्तर आलं : बाबा, लेन्सवर बोट आलंय.

तेवढ्यात होडी काठाच्या बरीच जवळ गेली आणि पायऱ्यांचा तुकडा दिसला. कमरेइतक्या पाण्यात एक म्हातारा उभा होता, अंगावर नुसतं धोतर. त्याने तांब्या भरून कपाळाच्या उंचीवर धरला, ओठ हलले, पाणी सावकाश सोडलं. स्वतःभोवती एक फेरी घेतली. तोंड बरोबर पूर्वेला; आम्ही मोबाइलातलं होकायंत्र काढून खात्री केली. मग तो वर आला, गमछा पिळला आणि पायरीवरच्या चहावाल्याला साखर कमी पडल्याबद्दल दोन शब्द ऐकवले. त्याने एकदाही धुक्याकडे तक्रारीच्या नजरेने बघितलं नाही. घाटावर असे बरेच होते, नंतर एकेक दिसत गेले. कुणी धुणं आपटत होता, कुणी अंगाला तेल चोळत होता, एक जण पोराला पाण्यात उतरवायच्या आधी शिव्या देत होता. सूर्याची वाट बघत बसलेलं त्या अख्ख्या काठावर आमच्याशिवाय कुणी नव्हतं. मी नावाड्याला म्हटलं, भैया, सूरज तो दिखा ही नहीं.

“दिखें न दिखें माताजी, निकल तो गए होंगे.”

“त्या म्हाताऱ्याकडे पंचांग आहे,” आत्या मला म्हणाली. “तुमच्याकडे मोबाइल आहेत. म्हणून तुम्हाला दिसावा लागतो.”

नदीच्या मध्यावर पक्षी होते. थंडीत इथे परदेशी कुरव पक्ष्यांचे थवे उतरतात. नावाडी त्यांना सरसकट ‘साइबेरियन’ म्हणतात आणि “आओ, आओ, आओ” अशी हाक घालतात. त्यांना खायला घालायची म्हणून बाजूच्या होडीतून शेवेच्या पुड्या विकायला येतात. आता शेवेची पुडी इंदूरच्या बाईच्या हातात पडल्यावर ती थेट पाण्यात जाईल अशी अपेक्षा करणं चूक. वहिनींनी पुडी फोडली, चार काड्या तोंडात टाकल्या, विचार केला. “लवंग नाहीये हिच्यात,” त्या म्हणाल्या. “आणि तेल जुनं आहे. हे पाखरांना कसं द्यायचं?” त्यांनी पिशवीतून घरची पुडी काढली. पाचेक मिनिटं आमच्या डोक्यावर नुसता कल्लोळ. सायबेरियाहून आलेल्या त्या पाहुण्यांनी इंदुरी शेव खाऊन काय मत दिलं ते कळलं नाही, पण नागपूरच्या काकांच्या टोपीवर त्यांनी काहीतरी दिलं हे नक्की.

मणिकर्णिका मात्र दिसली. तिथल्या आगी कधी विझत नाहीत, आणि धुक्यातून दिसायला आगच लागते. लाकडांच्या राशी, त्यांच्यापुढे तीन-चार जाळ, आणि जाळांपाशी हात शेकत उभी असलेली माणसं. शेवेची पुडी बंद झाली. सरांना सन आठवला नाही. तिथून होडी पुढे सरकते न सरकते तोच पांढऱ्यातून एकदम एक देवळाचं शिखर आलं, अगदी अंगावर, आणि ते तिरकं होतं. प्रत्येकाला वाटलं, आपली होडीच कलतेय. सगळी डावी बाजू जिवाच्या आकांताने उजवीकडे सरकली, आणि होडी खरोखरच कलली.

“अरे गुरु! मंदिर टेढ़ा है, नाव सीधी है!” नावाडी ओरडला.

ते रत्नेश्वर महादेवाचं देऊळ. चांगलं नऊ अंशांनी कललेलं आहे म्हणतात. पिसाचा मनोरा चारच अंशांवर जगभर मिरवतो. शेजारी शिंदे घाट, १८३० साली बायजाबाई शिंद्यांनी बांधलेला, तोही पुढे स्वतःच्या वजनाने खचला आणि नव्याने बांधावा लागला. होडीत ग्वाल्हेरचं कुणी नव्हतं, त्यामुळे शिंद्यांच्या घाटावर सगळ्यांनी मोकळेपणाने मतं दिली. पुणे, नागपूर आणि इंदूर यांचं त्या दिवशी एकमत झालं ते एवढ्या एका मुद्द्यावर. काका म्हणाले, पाया कच्चा. वहिनी म्हणाल्या, वजन जादा. सर म्हणाले, खालची माती.

आत्या सगळं ऐकून घेत होती. “आमच्या वाईला ढोल्या गणपतीचं देऊळ नदीतच आहे,” ती म्हणाली. “१७६२ सालचं. रास्त्यांनी बांधलंय. पाठीमागची भिंत माशासारखी निमुळती काढलीय, पुराचं पाणी आलं की दोन्ही बाजूंनी फाटून जातं. किती पूर बघितले त्याने. सरळ आहे.” थोडं थांबून तिने पुढे जोडलं, “पाण्यात घर करायचं तर पाठ माशाची लागते. एवढं रास्त्यांना कळत होतं.” मग पेशवे, होळकर आणि भोसले या तिन्ही पक्षांनी रास्त्यांचं मोठेपण मान्य केलं. दुसरा इलाज नव्हता. देऊळ डोळ्यांदेखत वाकडं उभं होतं. भोसले घाट मधल्या मध्ये मागे पडला. काका नागपूरपर्यंत हे बोलून दाखवत होते.

पंचगंगेवरून होडी वळली. तिथल्या बालाजी मंदिरात बिस्मिल्ला खाँ वर्षानुवर्षं सनईचा रियाज करत, हे सांगायची सरांची पाळी होती, पण त्यांचे दात वाजायला लागल्याने ते सनावळीशिवायच आटपलं. दशाश्वमेधावर उतरलो. बांबूच्या भल्या मोठ्या छत्र्या, त्यांच्याखाली लाकडी चौरंगांवर बसलेले घाटिये, पुढ्यात आरसा, कंगवा, गंधाची वाटी. आमच्या घाटियाने ‘महाराष्ट्र?’ एवढं विचारलं आणि संकल्पात सफाईने कृष्णा-गोदावरीचा तीर घातला. आत्याने कृष्णेच्या पाण्यात पोहणं शिकलेल्या माणसाच्या सराईतपणे बुड्या मारल्या. मी पाय बुडवले. पायाला बोटं आहेत हे त्यानंतर बऱ्याच वेळाने, लिंबाच्या मसाला चहाचा दुसरा कप पोटात गेल्यावर कळलं.

काशीला आलं की एक आवडती गोष्ट सोडायची असते. फळ, भाजी, काहीतरी. सरांनी ओल्या पंच्यात कुडकुडत कारलं सोडलं. काकूंनी आधीच बजावून ठेवल्यामुळे नागपूरच्या काकांनी संत्र्याला हात लावला नाही आणि पडवळावर भागवलं. रत्नागिरीचे काका पुढे झाले तेव्हा क्षणभर सगळ्यांचा श्वास अडकला. ते म्हणाले, “आंबा सोडला.” मग घाटियाने अक्षता उचलल्यावर घाईघाईने म्हणाले, “तोतापुरी.” मी म्हटलं, मी पहाटे उठणं सोडते.

“आवडती वस्तू सोडायची असते गं,” आत्या म्हणाली. ती स्वतः काय सोडते ते तिने सांगितलं नाही; घाटियाच्या कानात सांगून मोकळी झाली.

मग गडू. गंगेचं पाणी भरून तोंडाला डाख दिलेले छोटे तांब्याचे गडू. गोडसे भटजी १८५७ च्या सगळ्या धामधुमीतून, लूटमारीतून वाचून गंगेची कावड खांद्यावर घेऊन पायी वरसईला आले, त्या मानाने आमचे कष्ट काहीच नाहीत हे मला मान्य आहे. पण त्यांच्याबरोबर आत्या नव्हती. मावंद्याला कोण कोण येणार याचा हिशेब तिने तिथेच, पायरीवर बसून, बोटांच्या पेरांवर केला. वाईच्या आळीला एकेक गडू, पुण्याच्या सुनांना एकेक, धुळ्याच्या विहिणीला मोठा, कारण ती छोटा मोजून परत पाठवेल. पिशवी माझ्याकडे आली. गंगा पवित्र आहे, हलकी नाही.

पिशवी खांद्याला लावून आम्ही चौकाकडच्या गल्लीत शिरलो. गल्ली एवढी अरुंद की समोरून सांड आला तर कोण मागे सरणार हा प्रश्नच येत नाही. कचोरी आणि जिलबीच्या कढया उकळत होत्या, तिथे मी थांबणार होते, पण पलीकडे एका ओट्यावर परातीत पिवळसर फेसाचा ढीग दिसला. मलइयो. दूध आटवायचं, रात्रभर उघड्यावर दवात ठेवायचं आणि पहाटे घुसळून घुसळून फेस काढायचा; केशर, वेलची, साखर. विकणाऱ्याने पळीने नुसता वरचा फेस हलकेच उचलून कुल्हडात भरला, वर पिस्त्याचे काप टाकले. तोंडात घेतला तर काही नाहीच. म्हणजे गोडी आहे, केशराचा वास आहे, गार आहे, पण चावायला, गिळायला काही नाही. दुसरा घास घेतेपर्यंत पहिला कुठे गेला ते कळत नाही. कुल्हड रिकामा झाल्यावर त्याने न विचारता त्यात केशरी दूध ओतलं, तेही याच पैशांत. आत्याने दूध पिऊन कुल्हडाच्या तळाशी बघितलं. तिला कृष्णाकाठचं काहीतरी आठवतंय का म्हणून मी वाट बघत राहिले. ती म्हणाली, “अजून एक सांग.” वाईची बाजू पहिल्यांदाच पडली.

आणि तेव्हा, नऊ वाजून गेल्यावर, गल्लीच्या वर विजेच्या तारांच्या गुंत्यात सूर्य दिसला. फिका, गोल, कोवळासुद्धा नाही. चांगला उशिरा उठून आलेला. मला तो एकदम आपला वाटला. नागपूरच्या काकांनी फोटोसाठी मोबाइल काढला, मग सूनबाईंचं आठवून परत खिशात टाकला. विकणाऱ्याने मात्र वर बघितलं आणि तोंड वाकडं केलं. ऊन आलं की मलइयोचा फेस बसतो. त्याने परातीवर ओलं फडकं टाकलं आणि भाव दहा रुपयांनी उतरवला.

तेव्हा जाणार असाल तर आधी काय हवं ते ठरवून जा. सूर्य हवा असेल तर कार्तिकात किंवा फाल्गुनात जा. थंडी सोसवते, धुकं बेताचं असतं, आणि तो समोरच्या रेतीतून वर येताना सगळ्या घाटांवरून दिसतो. घाट कुणी बांधले यावर वाद घालायचा असेल तर कोणताही महिना चालतो. पण मलइयो मिळतो तो फक्त थंडीत, म्हणजे ज्या दिवसांत सूर्याचा भरवसा नाही नेमका तेव्हाच. माझं विचाराल तर पौषात जा, अंथरुणात आठपर्यंत लोळा, आणि नऊच्या आत चौकात पोचा. त्यानंतर परातीत फेस उरत नाही.